रुमालाखाली

बाबा सांगोल्याच्या बाजारात बैलांची दलाली करायचे.
भाव तोंडानं कधीच ठरायचा नाही.
दोन हात एका रुमालाखाली जायचे,
बोटं बोटांना चाचपायची,
आणि वर दोन्ही चेहरे आभाळाकडे,
जणू कुणाचंच काही चाललेलं नाही.

इथं डंडीत, तागाच्या एका जुन्या गिरणीच्या
तिसऱ्या मजल्यावर,
अडीच वर्षं मी एक बाजार वाचते आहे
ज्यात नुसता रुमालच आहे.
बैल नाही, धूळ नाही, चेहरे तर नाहीतच.
टोपणनावं आहेत, आणि गिऱ्हाइकांचे शेरे:
पाकीट वेळेवर आलं. बांधणी नीट. माणूस सभ्य.
मी रंग देत जाते. विश्वासाला हिरवा,
भीतीला पिवळा.
मग मध्येच एक शेरा येतो:
आईच्या दफनाच्या आदल्या दिवशी मिळालं, उपकार झाले.
याला कुठला रंग?
आयल्सा, माझी मार्गदर्शक, चष्मा पुसत म्हणाली,
'इतर' असा एक रकाना ठेव.

तो रकाना आता सगळ्यात लांब झालाय.

नैतिकता समितीनं मला चौदा प्रश्न विचारले होते.
ही माणसं आवडायला लागली तर काय करशील,
हे कुणीच विचारलं नाही.

सहभागी क्रमांक सतरा.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं,
बटाट्यांची पोती उचलून गेलेली कंबर,
डॉक्टरनं कमी कमी करत बंद केलेल्या गोळ्या.
'आता झोप पोस्टानं येते,' तिनं लिहिलं.
प्रश्नावली मी पाठवायचे, आणि तीच मला विचारायची,
एकटी काय जेवतेस गं?
एकदा मसुरीच्या सूपची कृती पाठवली,
खाली टीप: डुकराचं हाड घालतात.
चालत नसेल तर नको घालूस.

दिवाळीत आईचं पार्सल आलं, कस्टमवाल्यांनी फोडून
पुन्हा चिकटवलेलं.
चिवडा, चकल्या, आणि किलोभर पांढरी पूड.
पोस्टमन ग्रेगरनं भुवई उंचावली, सही घेतली, गेला.
फोनवर आई म्हणाली, अगं, रांगोळीच तर आहे!
सतराला सांगितलं तर ती कितीतरी वेळ हसली,
म्हणजे हसल्याचं लिहीत राहिली.
मग शेरा दिला:
पाच तारे. माल अस्सल. बांधणी सुधारा.

फेब्रुवारीत ती लिहायची थांबली.

संमतिपत्राचं सातवं कलम:
सहभागी व्यक्ती कधीही, कारण न देता, माघार घेऊ शकते.
'कारण न देता' हे शब्द माझेच.
आयल्सानं शेजारी बरोबरची खूण केली होती.
मी इस्पितळात विचारू शकत नाही, कारण काय विचारू?
सतरा इथे आहेत का?
नाव विचारायचं नाही, हे वचन मीच दिलं होतं,
तिच्या भल्यासाठी.
स्थानिक पेपरातला निधनवार्तांचा रकाना वाचते,
साठीच्या आसपासच्या बायका.
परवा एक होती, शाळेच्या मुलांची लाडकी.
ती असेल.
नसेलही. इथल्या शाळा काय थोड्या आहेत?
रडावं तर कुणासाठी, हेच पक्कं नाही.

खिडकीबाहेर टे नदीवर धुकं चढलेलं,
पुलाचा अर्धा भागच शिल्लक.
रविवारी बाबांचा फोन. तुझा बाजार काय म्हणतो?
म्हटलं, एक गिऱ्हाईक यायचं बंद झालंय.
ते जरा वेळ बोलले नाहीत. मागे टीव्ही चालू होता.
मग म्हणाले,
समोरच्यानं हात काढला तर आपण लगेच काढायचा नाही.
कधी कधी माणूस नुसता घाम पुसायला गेलेला असतो.

तक्त्यात सतराच्या पुढं
मी अजून काही भरलेलं नाही.