धुक्याचा भोंगा

वेन्लानं आधी एक साइन वेव्ह घेतली.
गुळगुळीत. अळणी.
मग करवतीच्या दातांची दुसरी,
आणि दोघींत अर्ध्या हर्ट्झचं भांडण लावून दिलं.

राउमाच्या बंदरातला भोंगा बंद पडून बारा वर्षं झाली.
जहाजांना आता पडद्यावर दिसतं सगळं.
संग्रहालयाला फक्त आवाज हवाय,
बटण दाबल्यावर, मुलांसाठी.

लायब्ररी फुकट. लिहिणारा कोण, ठाऊक नाही;
फिल्टरच्या चौऱ्याऐंशीव्या ओळीवर त्याची टीप :
'हे का चालतं मला कळलेलं नाही. काढू नका.'
तिनं काढलं.
स्पीकर असा किंचाळला की खालच्या मजल्यावरून कुणी काठी ठोकली.
मुकाट्यानं परत ठेवलं.

ताइस्तो आला. एकतीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळलेला,
डावा कान त्यातच गेलेला.
उजवा पुढे करून ऐकलं. म्हणाला, 'नाही.
तो आधी घसा खाकरायचा.'
आणि तोंडानं करून दाखवलं, ऐंशीव्या वर्षी, गाल फुगवून :
झडपेची फुसफूस, नळीतल्या पाण्याची गुळणी,
एवढ्या तयारीनंतर मग तो.

पाऊण सेकंद पांढरा गोंगाट.
एन्व्हलपची चढण जरा आळशी.
कंपाइल. रन.

या वेळी ताइस्तो काही बोलला नाही.
कॉफीच्या कपावर तळहात ठेवला फक्त,
किणकिणू नये म्हणून, जुन्या सवयीनं.

कप हलतच नव्हता.

वेन्लानं खर्ज आणखी वाढवला.