आडत्या

गुलटेकडीला, मार्केट यार्डातल्या कांद्याच्या गाळ्यावर
चाळीस वर्षं अप्पांचा आवाज
पहाटे गोण्यांवर चढून उभा राहायचा.
आता खिडकीजवळच्या खाटेवर
एकच शब्द शिल्लक आहे: तेच.
चहा हवा, तेच.
उजवा हात उचलत नाही, तेच.
मला ओळखलं का?
तेच, तेच, आणि मान भिंतीकडे.

तस्नीम मॅडम एमआरआयची फिल्म उजेडात धरतात.
खाली रास्ता पेठेत कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच बसलंय.
डाव्या कपाळामागे, कानाच्या जरा वर आणि पुढे,
संत्र्याच्या दोन फोडींएवढा डाग.
"समजतं त्यांना बरंचसं. जीभ, घसा धड आहेत.
मधला माणूस गेलाय.
बोलायच्या आधी तो शब्द लावून देतो,
आणि तोंड सुरू झालं की स्वतः गप्प बसतो."

म्हणजे आडत्याच की.
इकडे माल उतरवून ताटकळलेला शेतकरी,
तिकडे रिकामी पोती घेऊन आलेला व्यापारी;
सौदा जुळवून द्यायचा,
काट्यावर वजन चढलं की बाजूला होऊन बिडी पेटवायची.
अप्पांच्या डोक्यात मंगळवारपासून
गाडी भरून उभी आहे.

चौथ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, एक.
अप्पा म्हणाले, दोन, तीन, चार,
आणि चाळीसपर्यंत थांबलेच नाहीत,
यार्डातल्याच हेलात. शेजारचे गृहस्थ उठून बसले.
मग सिस्टरनं सुई टोचली, तशी एक शिवी
अख्खी, ऱ्हस्वदीर्घासकट बाहेर पडली.
आईनं पदर तोंडाला लावला. मी काकाला फोन लावायला घेतला.
मॅडमनी मान हलवली:
"हे घोटून पाठ झालेलं. याची वाट वेगळी.
'पाणी दे' अजून लांब आहे."

रात्री अप्पांनी डाव्या हातानं टॉवेल ओढला,
माझा पंजा त्याखाली घेतला.
रुमालाखालची ती जुनी बोली,
माझ्या जन्माआधीच यार्डात बंद झालेली:
दोन बोटं दाबली, मग मूठ,
मग तर्जनीचं अर्धं पेर.
मला येत नाही ती.
पोरीच्या जातीला गाळ्यावर नेलं कुणी कधी?
"किती अप्पा? कशाचे?"
ते बघत राहिले,
भाव पटला का, असं विचारणाऱ्या डोळ्यांनी.
मी हात काढून घेतला नाही.
त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.