निव्वळ वजन

खळ मी अजून गव्हाच्या पिठाचीच करते.
मंद आच, हात थांबवायचा नाही,
शेवटी व्हिनेगरचे चार थेंब, म्हणजे कसर लागत नाही.
नातवाने, नेलियुने, डिंकाची महाग बाटली आणून दिली.
ती खिडकीच्या फटीत लावलीय,
सादु नदीवरून वारा आला की झडप आपटत नाही.

स्टूल फेलिज्मिनाचं.
तीन पाय धड, चौथा म्हणजे वल्ह्याचा तुकडा,
तिच्या नवऱ्याने ठोकलेला, तोही आता नाही.
बैठकीवर काळं वर्तुळ,
कधीतरी तापलेलं पातेलं टेकवलं होतं त्याचं.
कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवायला निघाली होती.
म्हटलं, इकडे आण.

माझ्याकडे लेबलं आहेत.
चार खोकी, पलंगाखाली.
कारखाना बंद झाला त्या शुक्रवारी म्हणाले,
पगार पुढच्या आठवड्यात,
आणि पुढच्या आठवड्यात फाटकाला साखळी.
मागच्या भिंतीवरून आम्ही सहाजणी आत उतरलो.
झुल्मिराने तराजू उचलला,
तो वर चढवताना तिचा दात पडला, ती गोष्ट वेगळी.
मी हाताला लागलं ते घेतलं:
लाल कागद, सोनेरी होडी,
होडीत फुलाफुलांचा रुमाल बांधलेली बाई.
होडीत कधी बसली नसणार ती.
हात बघा केवढे पांढरे.

सत्तावीस वर्षं मी हिला डब्यांवर चिकटवलं.
बोटी आल्या की भोंगा, पहाटे तीन वाजता, नाहीतर ऐन जेवणात.
सेतूबलमध्ये दर कारखान्याचा आवाज निराळा,
आमचा घोगरा.
पोरं झोपेतून सांगायची: आई, तुझा.
मुकादम अबिलियु डोळ्यांत तेल घालून उभा,
डब्यात कमी भरायचं ते तेल
तिथेच जातं, असं आम्ही म्हणायचो.
लेबल काठापासून नखभर आत.
तिरकं गेलं की डबा बाजूला,
आणि शनिवारी तो आमच्या पगारातून वजा.

आता चौकोनी लेबल गोल बैठकीवर बसेना.
कात्री लावायला हवी.
पहिल्या लेबलाला लावली तेव्हा
मी मागे वळून पाहिलं.
मागे फ्रीज होता.

मग मात्र सुटलेच.
होडीपासून बाई वेगळी, बाईपासून रुमाल वेगळा,
पायांना नुसत्या सोनेरी लाटा गुंडाळल्या,
वल्ह्याच्या तुकड्याला जरा जास्त.
हवेचा फुगा राहिला की अंगठ्याने काठाकडे रेटायचा,
अंगठ्याला ते अजून येतं,
विळी मात्र धरता येत नाही.
काळ्या वर्तुळावर नेमकं काय यावं?
निव्वळ वजन १२५ ग्रॅम.
थंड व कोरड्या जागी ठेवा.

नेलियु म्हणतो, आजी, लिस्बनला याचे साठ युरो देतील.
कोण देईल?
बसायला घेणारे नाही, म्हणतो, बघायला घेणारे.

व्हार्निशचे तीन हात दिले.
तीन दिवस बसू नकोस, बजावून सांगितलं.
दुसऱ्या संध्याकाळी फेलिज्मिना आली,
मीठ मागायला म्हणे,
आणि टेकली.
चांगली पंच्याऐंशी किलोंची बाई.
वरचा मजकूर वाचून दाखवला तर हसता हसता
वल्ह्याचा पाय करकरला.
उठली तेव्हा फाटल्यासारखा आवाज आला.

तिला सांगितलं नाही.
मीठ घेऊन ती गल्ली उतरत गेली,
काळ्या घागऱ्याच्या मागे
दोन पांढरे हात,
प्रत्येक पायरीला वल्हवत असल्यासारखे.

उद्या तेवढं ठिगळ लावेन.
साडेतीन खोकी उरलीत,
आणि मीठ तिच्याच घरी जास्त असतं.