क्लच नाही

थर्ड गेटच्या सिग्नलला मी ओरडलोच,
"सुवर्णा, गाडी बंद पडली."
ती हसली. "बंद नाही बाबा, गप्प हाय.
मी चालवतो, तुम्ही नुसतं बसा."

बत्तीस वर्षं उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घासले.
डावा कान ग्राइंडरला देऊन टाकला,
उजवा घरच्यांसाठी राखून ठेवला.
इंजिन गप्प झालं म्हणजे
एकतर पाळी संपली, नाहीतर काहीतरी तुटलं.
तिसरा अर्थ मला कुणी शिकवला नव्हता.

गाडी हलली. आवाज नाही.
वेल्डिंगचं दुकान, कांदाभज्यांची कढई,
बेअरिंगवाल्या पोतदारांचं बंद शटर
मागं सरकत गेलं, बाहेरून कुणी ओढल्यासारखं.
पिरनवाडीच्या पुढं तिनं पाय दाबला
आणि बोनेटच्या आत कुठंतरी
एक ओळखीचं माणूस खाकरलं.
बरं वाटलं.
खरं किणयेच्या अलीकडं ते पुन्हा झोपलं.

पडद्यावर बाण होते. इंजिनापासून चाकाला,
बॅटरीपासून चाकाला,
मधेच दोन्हीकडून.
मी बाणांवर नजर ठेवून बसलो,
सुपरवायझर ठेवायचा तशी.
आमच्यात पाळी बदलताना भोंगा व्हायचा,
कार्ड पंच व्हायचं, एक आत, एक बाहेर,
दारात दोघांचे डबे एकमेकांना लागायचे.
इथं काहीच नाही.

मग तिच्या सासूचा फोन, बैलहोंगलहून.
"हां अत्ती, ऊटा आत्री?
बाबा, काच वर करा, धूळ येऊलैय.
हूं री, हूं, गोळी रात्री घ्या, जेवून."
मी उजवा कान लावला.
कुठं बदललं ते सापडलं नाही.
ज्या पाटीला दोनदा डांबर फासलेलं मी पाहिलं
तिच्याच खाली उभी राहून
ही दोन्हीतून भेंडीचा भाव पाडते.

रविवारी दस्तगीरच्या गॅरेजात गेलो.
तसल्याच एका गाडीचं पोट उघडून टेबलावर ठेवलेलं.
मधी एक चाक, त्याला तो सूर्य म्हणाला,
भोवती चार बारकी, बाहेर दातेरी कडं.
"मोटर हिकडनं, इंजिन हिकडनं, काका."
"आणि क्लच?"
"क्लच न्हाईच ह्याला."
मला पटेना. हातात घेतलं, तेलकट, जड.
एक धरलं की दुसरं फिरतं,
दुसरं धरलं की तिसरं पळतं,
खरं सगळ्यांचे दात सगळ्यांत.
कुणी हात सोडून बाजूला होत नाही.
ओढायचं काम तेवढं
ह्याच्याकडनं त्याच्याकडं जातं.
दातांवरून नख फिरवलं. कुठं अडलं नाही.
असलं काम मी केलं नसतं.
म्हणजे, केलं असतं,
कंपनीनं तसली मशीन आणली असती तर.
दस्तगीरनं चहा सांगितला. मी ते चाक
चहा येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

कणकुंबीहून येताना
उतारावर तिनं पाय उचलला तसे बाण उलटे झाले.
"आता रस्ताच बॅटरी भरतोय," ती म्हणाली.
मी म्हटलं, फुकटचं काही नसतं,
हे आपण चढलो होतो सकाळी.
"तेच तर," ती म्हणाली.

परत थर्ड गेट.
हिरवा लागला, आमच्या पुढची जीप हलेना,
मागून हॉर्न, शेजारच्या रिक्षावाल्यानं
आमची गप्प गाडी पाहून मान बाहेर काढली.
"बंद आतेन्री, अज्जा?"
"इल्लो, गप्प हाय," मी म्हणालो.

सुवर्णानं आरशातून माझ्याकडं पाहिलं.
"काय?" मी विचारलं.
काही नाही, तिनं मान हलवली.
जीप सुटली. आम्हीही.