खाच

अल्जिनेट तोंडातून बाहेर येतं
तेव्हा ते खरं बोलत असतं.
पुढची दहा मिनिटं, फार तर पंधरा.
मग त्याच्या अंगावर बारीक घाम सुटतो
आणि एकेक दाढ जागा सोडू लागते,
केसाच्या जाडीने, कुणाला न सांगता.

सक्करदऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर माझी लॅब.
मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो,
कूलरचा वाळा दुपारपर्यंत खडखडीत,
आणि नितेश धरमपेठेतून माप घेऊन येतो.
ओल्या गॉजमध्ये गुंडाळलेलं,
पिशवीत, पिशवी डब्यात, डबा डिकीत.
"अजनीच्या पुलावर ट्राफिक होता जी मॅडम."
मिशीला पोह्याची तर्री.
मी घड्याळ बघते. चाळीस मिनिटं.
डॉक्टरांना फोन लावते : पेशंटला परत बसवा.
"तुमचं जरा जास्तच असतं, खोब्रागडे मॅडम."

असेल.
शिकत होते तेव्हा एकदा,
सुकू नये म्हणून माप रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं.
सकाळी बघते तर फुगलेलं.
लांबट सर ओरडले नाहीत.
त्याच मापातून साचा ओतायला लावला,
त्यावर कवळी करायला लावली,
आणि ती माझ्या टेबलावर ठेवली, वर्षभर.
जिवापाड जपलेले दात,
कुणाच्याच तोंडात न बसणारे.

सिलिकॉनचं तसं नाही.
महाग, निळं, अबोल.
महिना ठेवा, जागचं हलत नाही.
फळीवर एक होतं मागच्या उन्हाळ्यापासून.
चिठ्ठी : शेषराव पौनीकर, गोळीबार चौक, खालचा जबडा.
पुढचे चार दात तेवढे शिल्लक.
अ‍ॅडव्हान्स दिला, आणि आलेच नाहीत.

यंदा आले, मुलीचा हात धरून.
"माप तर हायेच ना तुमच्यापाशी,
त्याच्यावरच बनवून टाका."
मी कॅलिपर लावला.
वहीतला आकडा, कॅलिपरचा आकडा,
दशांशासकट तोच.
एक पावसाळा, एक हिवाळा, दोन उन्हाळ्यांची टोकं,
ते निळं रबर शब्दाला पक्कं राहिलं होतं.

तेवढ्यात शेषराव हसले.
चारही दात गेलेले.
हिरडी खाली बसलेली, मेमधल्या तलावासारखी.
हाडाचं असंच असतं, दात गेला
की त्याला उभं राहायला कारण उरत नाही.
माप बरोबर होतं.
तोंडच निघून गेलं होतं.

हे कसं सांगावं, याचा विचार करत होते,
तर त्यांनी माप उचललं, खिडकीकडे धरलं,
करंगळी आत फिरवली
आणि समोरच्या दातापाशी थांबले.
तिथे एक उंचवटा, तिळाएवढा.
दातातली खाच मापात अशी उलटी उमटते.
"हा माया दात व्हय," मुलीला म्हणाले.
"बेचाळीस वर्सं धागा यानंच तोडला.
मागावर कातर घेऊन कोण बसते?"

त्या दिवशी मी त्यात प्लास्टर ओतलं.
वहीत नोंद नाही, बिल नाही.
चार दात उभे राहिले, खाचेसकट.
पेपरात गुंडाळून दिले.
मुलीने पिशवीत ठेवले, कांद्याच्या वर.

आत्ता ते धरमपेठेत खुर्चीवर आहेत.
पहिलं माप अल्जिनेटचंच, स्वस्तातलं.
फोन आला : निघाला.
पावडर मोजून ठेवली आहे, पाणी मोजून ठेवलं आहे.
कूलर घरघरतो.
नितेश, आज पोहे नको रे बाबा.
डिकीतल्या अंधारात
एका माणसाचं आजचं तोंड
थेंब थेंब सोडतंय.