बुधवारचा भाग

वाळपईच्या काजू कारखान्यात
दोन ते अडीच कुणी बोलत नाही.
हा नियम मालकाने केलेला नाही.
टीव्ही वरच्या फळीवर, पोत्यांच्या बाजूला,
त्याच्या डोक्यावर क्रोशाचं गुलाबी झाकण.
खाली अकरा बायका, बोटांना खोबरेल आणि राख,
आणि तराजूपाशी मी, वही घेऊन,
ज्याला मालिका आवडत नाहीत
असं सगळ्यांना माहीत आहे.

बुधवारी मृणालिनी जेवली.

एवढंच. दुसरं काहीच घडलं नाही.
साडेसातशे भाग ती वाढत आली होती,
सासऱ्याला, जावेला, दिराच्या वकिलाला,
नवऱ्याच्या त्या मैत्रिणीलासुद्धा, वर तूप.
बुधवारी तिने स्वतःचं ताट घेतलं
आणि सासऱ्याच्या खुर्चीत बसली.
भात, वरण, लिंबाची फोड.
ढोल वाजला नाही.
एकाच चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा आपटला नाही.
दारात सगळं घर उभं,
आणि आवाज फक्त भात कालवल्याचा.
शेवटी तिने बोटं चाटली,
पाचही, सावकाश,
आणि साबणाची जाहिरात लागली.

कातर थांबलेलेच होते.
एक काजू घरंगळत माझ्या पायाशी आला.

"मेली ही," रुक्मा परवार म्हणाली,
"सोमवारपर्यंत घराबाहेर."
कालिंदी हसायला लागली, हसतच राहिली,
ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं,
पाणी पितानाही हसत होती.
शाणू वेळीप चिडली होती भलत्यावरच:
"लिंबू पिळलं, पण बी काढली नाही.
घासात आली असती तर? कडू झालं असतं ना तोंड!"
लुर्दीनने क्रूस काढला कपाळापासून छातीपर्यंत.
तिला मराठी या टीव्हीने शिकवली,
'मालमत्ता' आणि 'विश्वासघात' आधी, 'कोथिंबीर' नंतर.
"पण बाय," ती म्हणाली, "जेवली, तर झालं काय?
जेवण उरलं होतं ना बाकीच्यांना?"
दहाजणी एकदम तिच्यावर तुटून पडल्या
आणि दहाजणींनी दहा वेगळी कारणं सांगितली.

प्रेमा च्यारी कधी मालिकेवर बोलत नाही.
ती वाकून साल काढत होती.
मान वर न करता म्हणाली,
"तिला भूक नव्हती.
भूक लागलेलं माणूस पहिला घास चावत नाही."

मग बराच वेळ फक्त पंखा.

त्या दिवशी अख्खे काजू कमी भरले, तुकडा जास्त.
वहीत आहे: तीन किलो आठशेचा फरक.
मालकाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, लाइट गेली होती.
अकरा बायकांनी माना डोलावल्या.
लाइट, हो, लाइटच.

गुरुवारी पावणेदोनलाच सगळे डबे बंद.
गेटवरचा रखवालदारही आत आला, पाणी प्यायला म्हणून,
आणि प्यायलेला ग्लास हातात धरून उभाच राहिला.
मृणालिनी वाढत होती.
तीच आमटी, तोच पदर, ढोल परत आलेला,
सासूच्या डोळ्यांवर तीनदा कॅमेरा.
काल जणू कुणी जेवलंच नव्हतं.
"कुणीतरी वरून फोन केला असणार,"
रखवालदार म्हणाला, जाणकारासारखा.
रुक्मा, जिने तिला मेली म्हटलं होतं,
उठली, स्टुलावर चढली,
राखेच्या बोटाने टीव्ही बंद केला.
काळ्या काचेवर तिचं बोट उमटलं.
अजून आहे. कुणी पुसत नाही.

आता हे कुणाला सांगू नका.
बुधवारचा भाग मी रात्री मोबाइलवर पुन्हा पाहिला,
पांघरूण डोक्यावर घेऊन, आवाज बंद करून.
तिसऱ्या घासानंतर ती थांबते.
तोंडातून काहीतरी काढते, न बघता,
आणि ताटाच्या काठावर ठेवते.
बी.
मी थांबवून पाहिलं. बीच आहे.
शाणूला सांगायला हवं,
पण मग मी पाहिलं हेही सांगावं लागेल.