परक्याचं काम

तुर्कूच्या नदीवर, तरीच्या दोरापाशी
एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर
विद्यापीठात हे काम मिळालं:
परका होण्याचं.

टोपी घालायची. दार न वाजवता आत यायचं.
हसायचं नाही, रागवायचंही नाही.
तीन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा.
मग बाळासमोर गुडघे टेकून
मनातल्या मनात साठ मोजायचे.

बहुतेक पोरं भोकाड पसरतात.
बरं वाटतं. आई डोळे पुसते,
मी टोपी काढतो, झालं.

इल्मारी रडला नाही.
चौदा महिन्यांचा, कान मोठे, मऊ;
बाहीचं टोक चघळत
माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे
भिंतीचा रंग बघत बसला.
किती समंजस पोर, मी म्हटलं.

काचेपलीकडे क्रिस्टाच्या पडद्यावर
त्याच्या छातीवरल्या पट्ट्या वेगळंच लिहीत होत्या:
काळीज उधळलेलं,
आणि मी गेल्यावरही अकरा मिनिटं
ठाणावर न आलेलं.

ती म्हणाली, याच्यात जन्मापासूनच
एक अक्षर पुन्हापुन्हा गिरवलं गेलंय,
पाटी भरून गेली,
पुढचा धडा उघडलाच नाही.
म्हणजे भित्रा आहे? मी विचारलं.
अजून ठरायचंय. स्वभाव कुठे संपतो
आणि धास्ती कुठे सुरू होते,
त्यासाठीच तर तुम्हाला पगार देतो.

जिन्यात साइला, त्याची आई, बूट चढवत होती.
गुणी आहे म्हणतात सगळे, ती म्हणाली,
पाहुणे आले तरी हूं की चूं नाही.
मीही हो म्हणते.
रात्री पाठीवर हात ठेवते तेव्हा
आत कुणीतरी धावत असतं.
आणि मोज्याचं बक्कल ओढत बसली,
मोज्याला बक्कल नव्हतंच.

एका मुलाला एकदाच परकं होता येतं.
नियम आहे. पुढल्या वर्षी माझी टोपी
दुसरा कुणी घालणार.

मार्चमध्ये तरीवर दिसले. मी आता उतारू.
घंटा वाजली, गाडीत इल्मारी दगड झाला,
बाही तोंडात. साइलानं मला ओळखलं नाही,
टोपी नव्हती ना.
मी त्याच्याकडे पाठ केली, कठड्याला टेकलो,
आणि पाण्यावर फिरणाऱ्या बर्फाच्या एका तुकड्याकडे
बघत राहिलो. त्यालाही तिथून तोच दिसत असावा.

पलीकडचा काठ यायला दीड मिनिट लागतं.
मोजलं नाही.
त्यानं बाही सोडली का,
तेही वळून पाहिलं नाही.